कणांचे वस्तुमान आणि एककांचे रूपांतर : पदवी स्तरावरील अध्यापनाच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

भौतिकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात 'एकके आणि मापन' हा घटक सामान्यतः प्रारंभीच्या दोन-तीन तासिकांत संपतो. पुढे तो स्वतंत्रपणे कोठे येत नाही, परंतु त्याने लावलेला एक शिरस्ता मात्र विद्यार्थ्याबरोबर अखेरपर्यंत राहतो. उदाहरणात दिलेल्या सर्व राशी प्रथम किलोग्रॅम, मीटर आणि सेकंद यांत आणावयाच्या, सूत्रात घालावयाच्या आणि मग उत्तर काढावयाचे, असा हा शिरस्ता होय. यामिकी, उष्णता, विद्युतशास्त्र या शाखांत तो निर्धोक आहे, किंबहुना आवश्यकही आहे. कणांच्या वस्तुमानाचा प्रश्न येतो तेव्हा मात्र हाच शिरस्ता विद्यार्थ्याला चुकीच्या उत्तरापर्यंत नेऊ शकतो आणि उत्तर चुकले आहे, हे ओळखण्याचे साधनही त्याच्या हातून काढून घेतो.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, कणभौतिकी व अणुकेंद्रीय भौतिकीतील उदाहरणांत किलोग्रॅममध्ये रूपांतर करावयाचेच असेल तर ते शेवटी करावे, आरंभी करू नये. हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. कोणते एकक निवडले आहे यावर उदाहरणातील भौतिकी दिसणार की झाकली जाणार, हे पुष्कळदा अवलंबून असते. पुढील विवेचनात ऐतिहासिक प्रयोगांतील आकडेच उदाहरणादाखल घेतले आहेत. छपाईच्या सोयीसाठी १० चा उणे एकतिसावा घात येथे १०^(-३१) असा लिहिला आहे.

इलेक्ट्रॉन व्होल्ट हे वस्तुमानाचे एकक कसे?

एका इलेक्ट्रॉनाइतका विद्युतभार एक व्होल्ट विभवांतरातून गेला असता त्याला जी ऊर्जा मिळते ती एक इलेक्ट्रॉन व्होल्ट. म्हणजे हे ऊर्जेचे एकक आहे, वस्तुमानाचे नव्हे. विद्यार्थी येथेच अडखळतात आणि ते रास्तही आहे, कारण 'इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान ०.५११ एमईव्ही' असे आपण वर्गात सर्रास बोलतो. (एक एमईव्ही म्हणजे दहा लक्ष इलेक्ट्रॉन व्होल्ट.) पूर्ण विधान 'इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान ०.५११ एमईव्ही/सी²' असे आहे. येथे 'सी' म्हणजे प्रकाशवेग. ऊर्जा ही वस्तुमान गुणिले प्रकाशवेगाचा वर्ग असल्यामुळे ऊर्जेला या वर्गाने भागले की वस्तुमान मिळते. बोलताना भाजक गाळला तरी चालेल, परंतु तो कोठे गाळला आहे हे प्रथम सांगितले पाहिजे.

रूपांतर एकदा फळ्यावर पूर्ण करून दाखवावे. इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान ९.१०९ × १०^(-३१) किलोग्रॅम. प्रकाशवेगाचा वर्ग ८.९८८ × १०^(१६). गुणाकार ८.१८७ × १०^(-१४) ज्यूल. एक एमईव्ही म्हणजे १.६०२ × १०^(-१३) ज्यूल, म्हणून भागाकार ०.५११. उलट दिशेने एक एमईव्ही/सी² म्हणजे १.७८३ × १०^(-३०) किलोग्रॅम. हा शेवटचा आकडा लक्षात राहिला तर गुणावे की भागावे हा संभ्रम उरत नाही, कारण इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान या आकड्याच्या साधारण निम्मे आहे, ही तपासणी क्षणात होते.

या रूपांतरात दोन स्थिरांक गुंतलेले आहेत. प्रकाशवेग १९८३ पासून व्याख्येनेच २९,९७,९२,४५८ मीटर प्रति सेकंद आहे. मूलभूत विद्युतभारही २० मे २०१९ पासून अमलात आलेल्या नव्या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत व्याख्येने निश्चित झाला आहे, त्याचे मूल्य १.६०२१७६६३४ × १०^(-१९) कूलोम. परिणामी इलेक्ट्रॉन व्होल्टमधून किलोग्रॅममध्ये जाताना आज रूपांतरामुळे कोणतीही अनिश्चितता उत्तरात शिरत नाही. २०१९ पूर्वी ती शिरत असे. जुन्या क्रमिक पुस्तकांतील तक्ते वापरताना शेवटचे अंक जुळत नाहीत, त्याचे एक कारण हे आहे.

अँडरसन यांचे छायाचित्र : एका रूपांतराने निश्चित केलेला कण

२ ऑगस्ट १९३२ रोजी कार्ल अँडरसन यांना पॅसाडेना येथे बाष्पकोठीत विश्वकिरणांतील एका कणाचा मार्ग छायाचित्रात मिळाला. बाष्पकोठी १५,००० गाऊस, म्हणजे १.५ टेस्ला, चुंबकीय क्षेत्रात ठेवलेली होती आणि तिच्या मध्यभागी ६ मिलिमीटर जाडीचा शिशाचा पत्रा होता. पत्र्याच्या एका बाजूला मार्गाची वक्रता कमी, दुसऱ्या बाजूला जास्त. पत्र्यातून जाताना कणाची ऊर्जा घटणारच, म्हणून कणाच्या प्रवासाची दिशा निश्चित झाली. दिशा आणि वळण यांवरून विद्युतभार धन असल्याचे ठरले. त्या काळी ज्ञात असलेला धनभारित मूलकण एकच होता, प्रोटॉन. मग हा प्रोटॉन का नव्हे?

अँडरसन यांनी क्षेत्र व वक्रतात्रिज्या यांचा गुणाकार पत्र्यापूर्वी २.१ × १०^(५) गाऊस-सेंटिमीटर आणि पत्र्यानंतर ७.५ × १०^(४) गाऊस-सेंटिमीटर दिला आहे. टेस्ला-मीटरमध्ये हे आकडे अनुक्रमे ०.२१ आणि ०.०७५ होतात, म्हणजे त्रिज्या १४ सेंटिमीटर आणि ५ सेंटिमीटर.

चुंबकीय क्षेत्रात वर्तुळाकार फिरणाऱ्या कणाचा संवेग विद्युतभार, क्षेत्र आणि त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. दोन्ही बाजूंना प्रकाशवेगाने गुणले आणि ऊर्जा इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये मोजली, तर विद्युतभार दोन्हीकडून निघून जातो. उरते ते असे : संवेग (जीईव्ही/सी मध्ये) = ०.३ × क्षेत्र (टेस्ला) × त्रिज्या (मीटर). एक जीईव्ही म्हणजे एक हजार एमईव्ही. या सूत्रातील ०.३ हा अंक पुष्कळ विद्यार्थ्यांना प्रयोगातून आलेला गुणांक वाटतो. तो प्रकाशवेगच आहे, १०^(९) ने भागलेला.

पत्र्यापूर्वीचा संवेग ०.३ × ०.२१ = ०.०६३ जीईव्ही/सी, म्हणजे ६३ एमईव्ही/सी. पत्र्यानंतरचा २२.५ एमईव्ही/सी. (अँडरसन यांच्या छायाचित्राखाली ६३ आणि २३ दशलक्ष व्होल्ट असे आकडे आहेत.) आता दोन्ही गृहीतके शेजारी ठेवावीत. कण इलेक्ट्रॉनाइतका हलका असेल तर ०.५११ च्या तुलनेत २२.५ ही राशी प्रचंड आहे, तेव्हा कण जवळजवळ प्रकाशवेगाने जात आहे आणि त्याची ऊर्जा सुमारे २२ एमईव्ही आहे. कण प्रोटॉन असेल तर ९३८ च्या तुलनेत २२.५ क्षुल्लक आहे. तेव्हा न्यूटनचे सूत्र पुरेसे आहे : २२.५ चा वर्ग भागिले ९३८ ची दुप्पट, म्हणजे सुमारे ०.२७ एमईव्ही. इतक्या ऊर्जेच्या प्रोटॉनाचा हवेतील पल्ला सुमारे ५ मिलिमीटर असतो. छायाचित्रातील मार्ग ५ सेंटिमीटरहून अधिक लांब होता. कण प्रोटॉन नाही, हा निष्कर्ष इतका सरळ आहे. मार्गाची वक्रता आणि आयनीभवन यांवरून या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या वीस पटींपेक्षा कमी असले पाहिजे, असे अँडरसन यांनी १९३३ च्या निबंधात मांडले. वीस पट म्हणजे सुमारे १० एमईव्ही/सी². हाच पॉझिट्रॉन.

हेच उदाहरण नेहमीच्या शिरस्त्याने सोडवून पाहावे. पत्र्यानंतरचा संवेग १.२० × १०^(-२०) किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद येतो. इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान ९.११ × १०^(-३१) किलोग्रॅम. या दोन आकड्यांकडे पाहून कण सापेक्षतावादी आहे की नाही, हे कोणाच्याही ध्यानी येत नाही. विद्यार्थी सवयीने संवेगाचा वर्ग भागिले वस्तुमानाची दुप्पट हे सूत्र वापरतो आणि त्याला ७.९ × १०^(-११) ज्यूल असे उत्तर मिळते. ते चूक आहे, परंतु चूक दिसत नाही. रूपांतर केल्यावरच कळते की ही ऊर्जा जवळजवळ ४९५ एमईव्ही होते, म्हणजे खऱ्या ऊर्जेच्या सुमारे बावीस पट. संवेगाला वस्तुमानाने भागून वेग काढला असता तर तो प्रकाशवेगाच्या ४४ पट आला असता. हा ४४ चा आकडा दुसऱ्या पद्धतीत आरंभीच समोर होता, २२.५ भागिले ०.५११. योग्य एककांत लिहिलेला संवेग कोणते सूत्र लागू आहे, हेही सांगतो. प्रस्तुत लेखकाच्या मते एककांच्या निवडीच्या बाजूने याहून बळकट युक्तिवाद नाही.

न्यूट्रॉनचा ऱ्हास आणि सार्थ अंक

प्रश्नपत्रिकेच्या आरंभी 'दिलेले स्थिरांक' छापण्याची पद्धत आहे. त्यांत प्रोटॉनाचे वस्तुमान १.६७ × १०^(-२७) किलोग्रॅम आणि न्यूट्रॉनाचेही १.६७ × १०^(-२७) किलोग्रॅम असे अनेकदा आढळते. या दोन आकड्यांवरून मुक्त न्यूट्रॉनच्या ऱ्हासात मुक्त होणारी ऊर्जा काढण्यास सांगितले तर काय होईल? न्यूट्रॉनामधून प्रोटॉन वजा केला की शून्य, त्यातून इलेक्ट्रॉन वजा केला की ऋण उत्तर. म्हणजे न्यूट्रॉनचा ऱ्हास अशक्य ठरतो! प्रत्यक्षात मुक्त न्यूट्रॉनचे सरासरी आयुष्य सुमारे १५ मिनिटे आहे.

चार अंक घेतले, १.६७५ आणि १.६७३, तर ऊर्जा ०.६१ एमईव्ही येते. खरे मूल्य ०.७८२ एमईव्ही आहे. दोन जवळजवळ समान संख्यांची वजाबाकी केली की पुढचे अंक नाहीसे होतात आणि सगळा भार मागच्या अंकांवर येतो, हे तत्त्व गणितात शिकविले जाते, पण भौतिकशास्त्राच्या तासाला त्याची आठवण करून दिली जात नाही. एमईव्हीमध्ये वस्तुमाने लिहिली की हा धोका दिसू लागतो : न्यूट्रॉन ९३९.५६५, प्रोटॉन ९३८.२७२, फरक १.२९३, त्यातून ०.५११ वजा, उत्तर ०.७८२. येथे कोणीही 'दोन्ही ९३९' असे लिहून पुढे जाणार नाही, कारण फरक हाच विषय आहे, हे आकडेच सांगतात.

या फरकाला इतिहासही आहे. चॅडविक यांनी १९३२ मध्ये न्यूट्रॉनाचा शोध लावला तेव्हा त्याचे वस्तुमान सुमारे १.००६७ अणुवस्तुमान एकक असे काढले होते. हायड्रोजन अणूचे वस्तुमान १.००७८ होते. म्हणजे न्यूट्रॉन हायड्रोजन अणूपेक्षा हलका ठरत होता आणि प्रोटॉन व इलेक्ट्रॉन घट्ट बांधले जाऊन तो बनला असावा, ही कल्पना त्यात बसत होती. १९३४ मध्ये चॅडविक आणि मॉरिस गोल्डहाबर यांनी थोरियमपासून निघणाऱ्या २.६२ एमईव्ही ऊर्जेच्या गॅमा किरणांनी ड्यूटेरॉन फोडला. बाहेर पडणाऱ्या प्रोटॉनाची ऊर्जा मोजून त्यांनी बंधनऊर्जा काढली, ती वस्तुमानात रूपांतरित केली, आणि न्यूट्रॉन हायड्रोजन अणूपेक्षा किंचित जड असल्याचे दाखविले. तिसऱ्या-चौथ्या दशांश स्थळातील या बदलाने मूळ कल्पनाच बाद झाली आणि मुक्त न्यूट्रॉन अस्थिर असला पाहिजे असा संकेत मिळाला. त्याचा ऱ्हास प्रत्यक्ष दिसला तो १९४८ ते १९५१ या काळातील प्रयोगांत.

आजच्या आकड्यांनी वर्गात हे गणित दोन ओळींत होते. प्रोटॉन १.००७२७६ आणि न्यूट्रॉन १.००८६६५ यांची बेरीज २.०१५९४१, ड्यूटेरॉन २.०१३५५३, तूट ०.००२३८८ एकक. तिला ९३१.४९४ ने गुणले की २.२२४ एमईव्ही.

अणूचे वस्तुमान की अणुकेंद्राचे?

अणुवस्तुमान एकक म्हणजे कार्बन-१२ च्या उदासीन अणूच्या वस्तुमानाचा बारावा भाग. व्याख्येत उदासीन अणू आहे, सहा इलेक्ट्रॉनांसह. छापील तक्त्यांत बहुधा अणूंची वस्तुमाने असतात, अणुकेंद्रांची नव्हे, आणि येथे होणारी चूक वर्षानुवर्षे तीच असते. न्यूट्रॉनच्या ऱ्हासाचेच उदाहरण घेऊ. विद्यार्थी प्रोटॉनाऐवजी तक्त्यातील हायड्रोजनचा आकडा १.००७८२५ घेतो. १.००८६६५ मधून तो वजा केला की ०.०००८४० एकक, म्हणजे ०.७८२ एमईव्ही. उत्तर येथेच पूर्ण झाले आहे, कारण हायड्रोजन अणूत इलेक्ट्रॉन आधीच आहे. परंतु सूत्रात इलेक्ट्रॉन वजा करावयाचा असतो म्हणून तो पुन्हा वजा केला जातो आणि उत्तर ०.२७१ येते. एककाचे रूपांतर अचूक, आकडेमोड अचूक, उत्तर चूक.

अणुवस्तुमान एककाची व्याख्याही नेहमी एकच नव्हती. भौतिकशास्त्रज्ञ ऑक्सिजन-१६ या समस्थानिकाचे वस्तुमान १६ मानीत, तर रसायनशास्त्रज्ञ नैसर्गिक ऑक्सिजनचे. दोन श्रेणींत दहा हजारांत पावणेतीन इतका फरक होता. १९६०-६१ मध्ये दोन्ही विद्याशाखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी कार्बन-१२ स्वीकारला आणि तो वाद मिटला. त्यापूर्वीचे शोधनिबंध वर्गात वापरताना हे ध्यानात ठेवावे लागते. वर दिलेला चॅडविक यांचा आकडा ऑक्सिजन श्रेणीतील आहे.

आणखी एक तपशील अध्यापकांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. 'एक ग्रॅम भागिले ॲव्होगाड्रो संख्या म्हणजे अणुवस्तुमान एकक' हे विधान २०१९ पर्यंत व्याख्येनेच खरे होते. आता ॲव्होगाड्रो संख्या निश्चित केलेली असल्याने आणि कार्बन-१२ चे वस्तुमान प्रयोगानेच ठरत असल्याने ते काटेकोर अर्थाने व्याख्या राहिलेले नाही. फरक इतका सूक्ष्म आहे की कोणत्याही उदाहरणाचे उत्तर त्याने बदलणार नाही, परंतु 'व्याख्येनुसार' हा शब्द मात्र गाळावा लागेल. प्रोटॉनाचे वस्तुमान किलोग्रॅममध्ये जितके अचूक ज्ञात आहे त्याहून अणुवस्तुमान एककात अधिक अचूक ज्ञात आहे, कारण आधुनिक मापनांत दोन आयनांच्या चुंबकीय क्षेत्रातील परिभ्रमण-वारंवारतांचे गुणोत्तर घेतले जाते. तेथे किलोग्रॅम मध्ये येतच नाही.

मेसॉन : 'सुमारे दोनशे पट'

चौथे एकक म्हणजे इलेक्ट्रॉनाचे वस्तुमान. युकावा यांनी १९३५ मध्ये अणुकेंद्रीय बलाच्या अल्प पल्ल्यावरून एका नव्या कणाचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २०० पट असावे, असा अंदाज केला. हा हिशेब एका रूपांतर गुणकाने होतो : लघुकृत प्लांक स्थिरांक गुणिले प्रकाशवेग = १९७.३ एमईव्ही-फेम्टोमीटर. पल्ला १.४ फेम्टोमीटर धरला तर १९७.३ ÷ १.४, म्हणजे सुमारे १४० एमईव्ही. पायॉनाचे मोजलेले वस्तुमान १३९.५७ एमईव्ही/सी² आहे. उत्तर इतके जवळ यावे हे मात्र पल्ल्याचा आकडा कोणता घेतला यावर अवलंबून आहे, हेही वर्गात सांगावे.

विश्वकिरणांत १९३६-३७ मध्ये जो कण सापडला तो पायॉन नव्हता, म्यूऑन होता. पहिल्याचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या २७३ पट, दुसऱ्याचे २०७ पट. कोलकात्याच्या बोस संस्थेतील देवेंद्रमोहन बोस आणि विभा चौधुरी यांनी दार्जिलिंग, संदकफू अशा उंच ठिकाणी छायाचित्रणाच्या काचा ठेवून अशा कणांचे मार्ग मिळविले आणि त्यांचे वस्तुमान इलेक्ट्रॉनाच्या सुमारे दोनशे पट असल्याचे १९४० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत 'नेचर' मध्ये प्रसिद्ध केले. ('मेसॉन' हे सुटसुटीत नाव रूढ व्हावे असा आग्रह होमी भाभा यांनी १९३९ मध्ये त्याच नियतकालिकात धरला होता.) युद्धकाळात उत्तम प्रतीच्या काचा त्यांना मिळू शकल्या नाहीत. आता 'सुमारे २०० पट' याचे रूपांतर करून १०२.२ एमईव्ही असे लिहिणारा विद्यार्थी मूळ मापनात नसलेली अचूकता निर्माण करतो. येथे 'सुमारे १००' यापलीकडे काही म्हणता येत नाही. अनिश्चितता रूपांतराने कमी होत नाही, ती आकड्याबरोबर नव्या एककात येते.

दोन कणांची फारकत अखेर १९४७ मध्ये ब्रिस्टल येथे पॉवेल यांच्या गटाने केली. स्थिर झालेल्या पायॉनामधून निघणाऱ्या म्यूऑनचा पल्ला दर वेळी जवळजवळ तोच, सुमारे ०.६ मिलिमीटर, आढळला. ऊर्जा व संवेग यांच्या अक्षय्यतेवरून म्यूऑनचा संवेग असा निघतो : दोन्ही वस्तुमानांच्या वर्गांतील फरक भागिले पायॉनच्या वस्तुमानाची दुप्पट. १९४८० उणे १११६४, भागिले २७९.१, म्हणजे २९.८ एमईव्ही/सी, आणि गतिज ऊर्जा ४.१२ एमईव्ही. दोनच कण बाहेर पडत असतील तरच ही ऊर्जा ठरावीक राहते. हा हिशेब किलोग्रॅममध्ये करून पाहण्याचा गृहपाठ द्यावा. एकदा केल्यावर विद्यार्थी पुन्हा त्या वाटेला जात नाहीत.

प्रश्नपत्रिकेविषयी

'वस्तुमान एमईव्हीमध्ये रूपांतरित करा' या स्वरूपाच्या प्रश्नाला आकडेमोडीपलीकडे काही तपासता येत नाही. त्याऐवजी क्षेत्र, त्रिज्या आणि मार्गाची लांबी देऊन 'हा प्रोटॉन असू शकेल काय?' असे विचारता येईल. 'तक्त्यातील वस्तुमान अणूचे आहे, इलेक्ट्रॉन कोठे मोजले गेले ते लिहा' असेही विचारता येईल. गुण उत्तराच्या आकड्यापेक्षा या ओळीला द्यावेत. स्थिरांकांच्या यादीत प्रोटॉन व न्यूट्रॉन यांची वस्तुमाने एमईव्ही/सी² मध्ये किमान सहा अंकांत छापली जावीत. एवढा बदल अभ्यास मंडळाच्या ठरावाशिवायही करता येण्याजोगा आहे.

किलोग्रॅमची गरज अजिबात नाही असे नव्हे. न्यूट्रॉन ताऱ्याची घनता किंवा आयनावर लागणारे बल काढताना शेवटी तेथेच यावे लागते. परंतु जर्मनीतील कार्ल्सरूहे येथील 'काट्रिन' प्रयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेली न्यूट्रिनोच्या वस्तुमानाची मर्यादा घ्या : ०.४५ इलेक्ट्रॉन व्होल्ट/सी², म्हणजे इलेक्ट्रॉनाच्या दहा लक्षांशाहूनही कमी. प्रयोगात ट्रिटियमच्या ऱ्हासातून निघणाऱ्या इलेक्ट्रॉनांची सुमारे १८.६ हजार इलेक्ट्रॉन व्होल्ट ही कमाल ऊर्जा आणि तिच्या जवळचा वर्णपटाचा आकार तपासला जातो. ०.४५ आणि १८,६०० हे आकडे शेजारी ठेवले की मापन किती कठीण आहे ते लगेच कळते. तीच मर्यादा ८ × १०^(-३७) किलोग्रॅम अशी लिहिली तर ती केवळ एक फार लहान संख्या राहते.